पालक की मालक?

'सांभाळणे' हा शब्द मोठा गोड. म्हणूनच त्याच्याकडं जरा संशयानं बघावं लागतं. मनूनं बाईला लहानपणी बापाच्या, मग नवऱ्याच्या, म्हातारपणी पोराच्या हाती दिलं, तेही सांभाळायच्याच नावानं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. पण जो सांभाळतो तोच मालक होतो, ही रीत काही जळाली नाही. ती आपल्याही घरात आहे, आणि मायेच्या पोटी आहे.

आमच्या बल्लारपूरच्या वस्तीतल्या एका कामगाराची पोरगी तेवीस वर्षांची झाली. जन्मापासून बुद्धीनं मागं. शेजारपाजारची लेकरं खेळवते, पाणी भरते, दहाची नोट ओळखते. शंभराच्या पुढचा हिशेब तिला येत नाही. बँकेनं सांगितलं, पालकत्वाचा कागद आणा. बाप म्हणतो, "बाबू, मी मेल्यावर हिच्या पैशाले कोन हात लावन, सांगता येते का? कागद केलेला बरा." माय म्हणते, "कागद झाला का मंग हिले कोनी इचारनारच नाही." दोघंही खरं बोलतात. म्हणून प्रश्न अवघड आहे.

अठरा पुरे झाले की कायद्यापुढं आईबापसुद्धा आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं अर्ज करता येतो. समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक माणूस आणि एक अपंग व्यक्ती असते. पालक लागतो का, लागला तर कोणत्या कामापुरता, हे समितीनं बघायचं असतं. पालकानं सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यायचा. छळ केला, पैसा खाल्ला, तर त्याला काढता येतं. २०१६ चा अपंग हक्क कायदा आणखी पुढं गेला. त्यात मर्यादित पालकत्व आहे: ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीसाठी, त्या माणसाच्या इच्छेप्रमाणं आणि दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा. आधार देणाऱ्याचाच स्वार्थ ज्या व्यवहारात असेल, त्यातून त्यानं बाजूला व्हायचं.

मालक झालेला पालक काय करतो, ते महाराष्ट्रानं पाहिलंय. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली. कारण काय, तर पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता जमत नाही. पालक कोण? सरकार. संमती कोणाची? सरकारचीच. बायकांच्या संघटना रस्त्यावर आल्या तेव्हा कुठं बोभाटा झाला. पुढं २००९ साली चंदीगडच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मतिमंद बाईचा गर्भ तिच्या संमतीवाचून पाडता येणार नाही. शिरूरच्या पोरींना त्याचा काय उपयोग?

ही भाषा आपल्या ओळखीची आहे. गडचिरोलीच्या आदिवासीला जंगल सांभाळता येत नाही म्हणून वनखातं त्याचं पालक झालं. बांबूचे ट्रक कागदाच्या मिलकडं गेले आणि जंगलात राहणारा माणूस चोर ठरला. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली ग्रामसभेनं बांबू स्वतः विकला, हिशेबही स्वतः ठेवला.

इथं कोणी मला अडवील. म्हणेल, आदिवासी आणि दलित अडाणी ठरवले गेले, ते खोटं होतं. ही पोरगी तर खरंच हिशेब करू शकत नाही. मग तुलना कशी लागते?

दोस्तहो, इथंच घोळ आहे. आपण हुशार आहोत म्हणून आपण हक्क मागितला का? तसं असेल तर ज्याला अक्कल कमी त्याचा हक्क कमी, हे आपणच कबूल केलं. सायमन कमिशनपुढं १९२८ साली बाबासाहेबांनी सगळ्या प्रौढांना मत मागितलं, तेव्हा लाखो लोक निरक्षर होते. आधी शिका, मग मत घ्या, अशी अट त्यांनी घातली नाही. शिकणं हे लढायचं हत्यार आहे, माणूसपणाचं तिकीट नाही. आणि तरी आपल्याच घटनेच्या ३२६ व्या कलमात मनाच्या विकलतेवरून मताधिकार काढून घ्यायची वाट उघडी आहे. हे आपल्याला झोंबलं पाहिजे. मात्र एक ध्यानात ठेवा: नुसत्या पालकत्वाच्या कागदानं मत जात नाही. त्यासाठी न्यायालयानं तसं जाहीर करावं लागतं. कोणी घाबरवलं तर हे सांगा.

शब्दाचंही तसंच. सरकार आता 'दिव्यांग' म्हणतं. आपण 'हरिजन' का नाकारला, ते आठवा. देवाच्या नावाची शाल पांघरून माणसाचा हक्क झाकता येतो.

मग त्या बापानं काय करावं? कागद करू नये, असं मी म्हणत नाही. त्याच्या रात्रीच्या झोपेचा प्रश्न आहे, आणि क्रांतीच्या गोष्टी सांगून बँकेचं खातं उघडत नाही. पण कागद बँकेपुरता करावा. पोरीचं अंग, तिचं राहणं, तिचं कोणावर मन बसणं, तिचं मत, हे त्या कागदात जाऊ नये. दहाची नोट तिच्याच हाती राहावी. अन् बापामागं पालक म्हणून भावाचं नाव घालायचं तर त्या भावाचा तिच्या वाट्यावर डोळा आहे का, हे वस्तीनं आधी बघावं.

आणि आपण? तहसीलीत लोकांचे अर्ज भरून देतो, ते काम चांगलंच आहे. असं एखादं घर आलं तर आईबापाला खुर्ची द्या, पण पहिला प्रश्न त्या पोरीला विचारा: बाई, तुझं काय म्हणणं आहे? ती वेळ घेईल. कदाचित शब्दात सांगणार नाही. मान हलवील, हात धरील, उठून जाईल. तेही उत्तरच आहे. ते अर्जात लिहा.