मोजण्यातली माणसं

बँकेत माझी चौतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीचशी रोखपालाच्या खिडकीत. नोटा मोजायचं यंत्र येण्याआधी शंभराची गड्डी हातानंच मोजायची. शेजारी ओल्या स्पंजची डबी, डाव्या हातात गड्डीची पकड आणि उजव्या अंगठ्याला लय. मोजता मोजता बोटांना कळायचं, की मधली एक नोट मऊ पडली आहे, एकीचा कोपरा गेला आहे, एकीला चिकटपट्टी लावली आहे. पुढं यंत्र आलं. त्याचा आकडा बिनचूक असायचा, संध्याकाळी रोकड जुळवताना जीव टांगणीला लागायचा थांबला. त्या यंत्राचे उपकार मी विसरलेले नाही. पण हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक नोटेची होणारी ओळख त्या दिवसापासून थांबली, हेही खरं.

निवृत्तीनंतर मोजणी पुन्हा माझ्याकडे आली ती साखरेच्या रूपानं. एचबीएवनसीचा अहवाल 6.3 आला, मधुमेह नाही, पण उंबरठ्याच्या फार जवळ. ही तपासणी मला मोठी प्रामाणिक वाटते. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते, आणि या पेशी साधारण 120 दिवस जगतात. त्यामुळं तपासणीच्या आदल्या दिवशी गोड टाळून काही साधत नाही. मागच्या दोन-तीन महिन्यांचा जमाखर्च समोर येतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. मुलानं मनगटी घड्याळ आणून दिलं. त्यात सिलिकॉनचा एक सूक्ष्म भाग शरीराच्या हालचालीबरोबर हेलकावतो आणि त्या हेलकाव्यांच्या लयीतून घड्याळ पाऊल ओळखतं. दहा हजार पावलं झाली, की पडद्यावरचं वर्तुळ पुरं होतं.

पहिले काही महिने मी त्या वर्तुळासाठीच जगले. रात्री साडेदहाला आठशे पावलं कमी असली, तर दिवाणखान्यात येरझाऱ्या घालायची. बहिणीचा फोन आला, तर ऐकत ऐकत चालायची आणि तिनं काय सांगितलं ते नंतर आठवायचं नाही. तिच्या आवाजातली काळजी एकदा अशीच माझ्या कानावरून गेली. ती दुसऱ्या दिवशी कळली, तेव्हा मला फार लागलं.

दहा हजारांचा आकडा कुठून आला, हे शोधल्यावर मन थोडं शांत झालं. 1964च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाचं वारं होतं. 1965 साली तिथं पावलं मोजण्याचं एक उपकरण बाजारात आलं, त्याचं नाव ‘मानपोकेई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. आकडा नावात आधी बसला, त्याची कसून पारख पुढं झाली. अमेरिकेत सरासरी 72 वर्षं वयाच्या सोळा हजारांवर स्त्रियांचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सरासरी 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण 41 टक्क्यांनी कमी आढळलं, आणि साधारण 7,500 पावलांपुढं फारसा फरक उरला नाही. म्हणजे थोडं चालणंही वाया जात नाही.

याच विषयातला एक जुना अभ्यास मला अधिक जवळचा वाटतो. जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी 1953 साली लंडनच्या बस कामगारांविषयीचे निष्कर्ष मांडले. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. मला त्यात पुन्हा पुन्हा दिसतो तो कंडक्टर. वरच्या मजल्यावर तिकीट न काढलेलं कुणीतरी बसलं आहे, म्हणून तो जिना चढतो आहे. त्याचं प्रत्येक पाऊल कुणाकडे तरी चाललेलं आहे.

माझ्या पावलांना असं ठिकाण मिळालं ते पुण्याच्या वेताळ टेकडीवर. सकाळी सहाला आम्ही नऊ जण चढायला लागतो. आमच्यातले एक निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना सर म्हणतात, गळ्यात दुर्बीण आणि खिशात वही घेऊन येतात. त्यांच्यामुळं मला पक्ष्यांचा नाद लागला. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभरचे लोक आपापल्या परिसरातले पक्षी मोजतात. 1998 साली अमेरिकेत सुरू झालेल्या या उपक्रमात भारत 2013पासून आहे. नियम साधा: निदान पंधरा मिनिटं लक्ष देऊन पाहायचं आणि कुठला पक्षी, किती दिसले, ते नोंदवायचं.

पहिल्या वर्षी मी ‘बुलबुल 4’ असं लिहिलं. सरांनी विचारलं, ‘‘लालबुड्या, की शिपाई?’’ मी पुन्हा पाहिलं. दोघांना टोकदार तुरा होता, गालावर लाल ठिपका होता, ते शिपाई. उरलेले दोन काळसर डोक्याचे लालबुडे. मोजायचं तर आधी ओळखावं लागतं, आणि ओळखायचं तर थांबावं लागतं. माझ्या बोटांना गड्डीतली मऊ नोट कळायची, तेच सुख मला तिथं परत भेटलं.

सरांचं वय पंच्याहत्तरच्या पुढं. वयानुसार कान आधी उंच स्वर सोडतो, तसे त्यांच्या कानातून बारीक किलबिलाटाचे पक्षी निघून गेले होते. त्यांच्या नातीनं आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप फोनवर घालून दिलं. काटेसावर फुलली होती. सर फोन धरून उभे होते, पडद्यावर एक नाव उजळलं. ‘‘शिंजीर!’’ म्हणत त्यांनी दुर्बीण लावली आणि फांदीवरून फांदीवर शोधत नेली. एका लाल फुलाशेजारी बसलेला, उन्हात निळा-जांभळा चमकणारा नर तिथं होता. त्यांना तो अजूनही ऐकू येत नव्हता, पण त्याची उघडमीट करणारी चोच दिसत होती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. यंत्रानं हरवलेलं माणसाला असं परत दिलेलं मी पाहिलं आहे, म्हणून यंत्रांना सरसकट दोष देणं मला पटत नाही. मनगटावरचं वर्तुळ मला माझ्यापाशीच फिरवत होतं. सरांच्या फोननं त्यांचे डोळे झाडाकडे नेले. यंत्र आपल्याला कुठं वळवतं, तेवढं पाहावं.

मोजण्या-मोजण्यातला हा फरक आपल्या भाषेला आधीच ठाऊक आहे. ‘तो कुणाला मोजत नाही’ असं आपण म्हणतो, तेव्हा तो इतरांची किंमत ठेवत नाही असं सांगायचं असतं. ज्याची कुणी दखल घेत नाही, तो ‘खिजगणतीत नसतो’. मराठीत मोजणं म्हणजे मानणंही आहे. मी वर्षभर मोजत होते, पण या अर्थानं बहिणीलाही त्या रात्री मोजलं नव्हतं.

मागच्या पावसाळ्यानंतर सर यायचे थांबले. पहिला दिवस आम्ही कुणी विचारलं नाही. गावी गेले असतील असं धरून चाललो. दुसऱ्या दिवशी टेकडी उतरलो, तर पायथ्याच्या चहावाल्यानं सवयीनं नऊ ग्लास भरले. आठ उचलले गेले. तो नवव्याकडे बघत म्हणाला, ‘‘सर आजपण नाहीत? बरे आहेत ना?’’ आम्ही आठ जण एकमेकांकडे पाहत राहिलो. सगळ्यांच्या मनगटावर घड्याळं होती.

त्याच दुपारी दोघं जण त्यांच्या घरी गेलो. सरांचे गुडघे धरले होते, चढण जमत नव्हती. ‘‘तुम्हाला माझ्यामुळं खोळंबा नको,’’ म्हणाले. फोन करून तसं सांगणंही त्यांना जड गेलं होतं.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही वर जात नाही. पायथ्याच्या सपाट रस्त्यावर सरांच्या चालीनं दोन फेऱ्या होतात, मग उंबराखालच्या कट्ट्यावर वही उघडते. त्या सकाळी माझी तीन हजारांच्या आसपास पावलं होतात. गेल्या तपासणीत साखर 5.9 आली, उरलेल्या दिवसांची चढण आणि ताटातला कमी झालेला भात आपलं काम करतच आहेत. सर डोळे मिटून ऐकतात, फोन मधे ठेवलेला असतो, आणि नाव उजळलं की आम्ही सगळे एकदम वर बघतो. परवा हळद्या दोन, तांबट तीन आणि एक कोतवाल, असं सरांनी लिहून घेतलं.

मग चहा येतो. चहावाल्यानं ओतताना ओठ हलवून मोजल्याचं मी कधी पाहिलं नाही. किटली नवव्या ग्लासापाशी येते आणि थांबते.