सोंगट्यांची लढाई आणि आपलं मन



इंदूरच्या एका ताईंचा निरोप आला आहे. मुलगा वीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला आहे. त्याने वॉरगेम, म्हणजे युद्धाचे खेळ, खेळणाऱ्यांच्या एका मंडळात नाव घातलंय. मंडळ इंटरनेटवरचं, त्यामुळे त्यात देशोदेशीची माणसं. जुनी एखादी लढाई घ्यायची, नकाशा उघडायचा, त्यावर पलटणींच्या सोंगट्या मांडायच्या आणि फासे टाकून ती पुन्हा लढायची. ताई विचारतात, "आपल्या घरात मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपतात, आणि हा रात्री दोन वाजेपर्यंत पलटणी कापत बसतो. हे चालतं का? की त्याला बाहेर काढू?"

प्रश्न साधा वाटतो, पण "हो" किंवा "नाही" म्हणून मिटणारा नाही. जरा सावकाश बघू.

पहिलं म्हणजे हा खेळ आजचा नाही. आपलं बुद्धिबळ तरी काय आहे? हत्ती, घोडे, उंट, प्यादी. चतुरंग सेनाच ती. दिवाळीत बेळगावपासून नाशिकपर्यंत पोरं मातीचे किल्ले करतात, त्यावर मावळे उभे करतात, दरवाजाशी तोफ ठेवतात. त्याला कुणी हिंसा म्हणत नाही. उलट आजोबा शेजारी बसून कुठला बुरूज कुठे, ते सांगतात.

आजचा वॉरगेम मात्र प्रशियातून आला. तिथल्या फॉन राइस्वित्झ नावाच्या बापलेकांनी तो घडवला, आणि मुलाने 1824 साली त्याचे नियम छापले. नकाशावर दोन बाजू, मध्ये पंच. समोरच्याचं सैन्य कुठे आहे हे खेळाडूला दिसत नाही. पंच जेवढं सांगेल तेवढंच कळतं. नशिबाचा भाग फाशांवर. प्रशियाच्या सेनापतींना तो इतका पटला की अधिकाऱ्यांच्या शिक्षणात गेला. 1870-71 च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला हरवल्यावर इतर देशांनीही तो उचलला. म्हणजे या खेळाने माणसं मारायचं काम जास्त हुशारीने करायला शिकवलं, हे खरंच आहे. ताईंची शंका फुकाची नाही.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी. 1942 साली जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये इंग्लंडकडे अन्नधान्य नेणारी जहाजं बुडवत होत्या. लिव्हरपूलमध्ये कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स या अधिकाऱ्याने एका खोलीच्या जमिनीवर समुद्र आखला. त्याच्यासोबत काम करणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या, नौदलाच्या महिला शाखेतल्या. जहाजांचे कप्तान पडद्याच्या फटीतून तेवढंच बघायचे, जेवढं खऱ्या समुद्रावर दिसलं असतं. जमिनीवर खडूने रेघा ओढत त्या मुलींनी आणि रॉबर्ट्सने पाणबुडी आत शिरते कशी, हे शोधलं आणि तिला गाठायच्या युक्त्या बसवल्या. युद्ध संपेपर्यंत सुमारे पाच हजार अधिकारी तिथे शिकून गेले. त्या खेळामुळे किती खलाशी घरी परतले असतील! अर्थात त्याच युक्त्यांनी पाणबुड्यांतली पोरंही बुडाली. खेळ तोच, जमिनीवरची रेघही तीच.

म्हणून "खेळच वाईट" हे उत्तर पुरत नाही. आणि "अहो, नुसता खेळ तर आहे" हेही पुरत नाही. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने 1913 मध्ये खेळण्यातल्या शिशाच्या सैनिकांनी लढाया कशा खेळाव्यात यावर एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की ही छोटी लढाई खेळून बघा, म्हणजे खरी लढाई किती मूर्खपणाची असते ते कळेल. विचार किती चांगला! पण पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं, आणि वेल्स स्वतः त्या युद्धाच्या बाजूने लिहू लागले. खेळ खेळल्याने मन आपोआप शुद्ध होत नाही, आणि आपोआप बिघडतही नाही. मनाचं काम मनालाच करावं लागतं.

मग बघायचं काय? मला वाटतं, महाभारतातल्या द्यूताकडे बघावं. तिथे दोष फाशांचा होता का? फासे तर आपण सारीपाटातही टाकतो. दोष पणात होता. राज्य, भाऊ, शेवटी द्रौपदी, जे पणाला लावायचं नसतं तेच लावलं गेलं. तेव्हा कुठल्याही खेळापुढे पहिला प्रश्न हाच, इथे पणाला काय लागतंय?

वॉरगेममध्ये पैसा लागत नाही, जमीन लागत नाही. पणाला लागते ती आपली नजर. माणसाकडे माणूस म्हणून बघायची नजर.

हे नीट कळावं म्हणून आपल्याच घरचं उदाहरण घेऊ. असईची लढाई, 23 सप्टेंबर 1803, आजच्या जालना जिल्ह्यात. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली. ही लढाई जगभरचे वॉरगेमर आवडीने खेळतात, कारण त्यात डोकं लागतं. वेलस्लीला केळना नदी ओलांडायची होती, पण उतार कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. त्याने ताडलं की समोरासमोर गावं आहेत म्हणजे मध्ये उतार असणारच. खेळाडूला असला प्रसंग म्हणजे पर्वणी.

पण ती सोंगटी उचलताना तिच्याखाली काय आहे? शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तोफांपाशीच मारले गेले. काही जण मेल्याचं सोंग करून पडून राहिले आणि शत्रू पुढे गेल्यावर उठून पुन्हा तोफा डागू लागले. वेलस्लीचे दीड हजारांहून जास्त सैनिक मेले किंवा जखमी झाले. तो आकडा नोंदलेला आहे. आपल्या बाजूचे किती, याचे मात्र नुसते अंदाज आहेत. ग्वाल्हेर, नागपूरकडच्या कितीतरी घरांत तेव्हा कुणीतरी वाट बघत बसलं असेल. सोंगटीवर ताकदीचा आकडा छापलेला असतो, चालीचा आकडा असतो. वाट बघणाऱ्याचा आकडा नसतो.

या छंदातली खरी गोम इथे आहे. काय मोजलं जातं, त्यापेक्षा काय मोजायचं राहतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस उत्तर आफ्रिकेच्या लढाईवर एक प्रचंड खेळ निघाला. त्यात इटालियन सैनिकांना पास्ता शिजवायला जास्तीचं पाणी लागतं, याचाही नियम आहे! इतका बारीक हिशेब. पण दुसऱ्या महायुद्धातल्या रशियाच्या आघाडीवरचे पुष्कळसे खेळ घ्या. चिखल आहे, बर्फ आहे, पेट्रोल आहे. आघाडीमागे गावंच्या गावं जाळली गेली, ज्यूंना खड्ड्यांपाशी उभं करून गोळ्या घातल्या, ते पटावर कुठे नाही. मग वीस वर्षांच्या पोराला ते सैन्य फक्त शिस्तीचं, चपळ, देखणं दिसतं. हळूहळू कौतुक वाटायला लागतं. पट खोटं बोललेला नाही, तो फक्त गप्प राहिला. पण त्या गप्प राहण्यातून एक खोटं मनात उतरतं.

उलटही करता येतं. 2014 मध्ये वॉर्साच्या एका कंपनीने वेढा पडलेल्या शहरातल्या साध्या माणसांवर खेळ काढला. सारायेवोच्या वेढ्यावरून सुचलेला. त्यात शौर्य नाही. औषध कुठून आणायचं, म्हाताऱ्या शेजाऱ्याचं अन्न चोरायचं की उपाशी राहायचं, हाच सगळा डाव. म्हणजे मोजायचं ठरवलं तर मोजता येतं.

आता मंडळात जाण्याबद्दल. खेळात एक गोष्ट युद्धाच्या अगदी उलट असते. युद्धात समोरचा नाहीसा व्हावा असं वाटतं. खेळात समोरचा नसेल तर खेळच नाही. दूर देशातला एक अनोळखी माणूस तुमची चाल यायची आठवडाभर वाट बघतो, पोलीस नाही की कोर्ट नाही तरी नियम पाळतो, तुमची चूक झाली तर "परत घे" म्हणतो. जुनेजाणते नवख्याला पन्नास पानांचे नियम न कंटाळता समजावतात. शत्रू म्हणून बसलेला माणूस मित्र म्हणून उठतो. ही कमी शिकवण नाही. आणि आज शिंद्यांच्या बाजूने खेळलेल्याला उद्या वेलस्लीच्या बाजूने बसावं लागतं. दुसऱ्याच्या जागी बसून प्रामाणिकपणे त्याचं हित बघणं, हे भल्याभल्यांना जन्मभर जमत नाही.

तेव्हा ताई, त्याला बाहेर काढू नका. रात्री दोनचं जागरण बंद करायला जरूर सांगा, तो आईचा हक्कच आहे. पण त्याच्याशेजारी बसून तीन गोष्टी विचारा. ही सोंगटी कुणाची, ती माणसं कोण होती? या पटावर कोण दाखवलेलं नाही? आणि तुमच्या मंडळात कुणी मेलेल्यांवरून थट्टा करतो किंवा खुन्यांचं गुणगान गातो तेव्हा तू काय करतोस? पहिल्या दोन प्रश्नांनी त्याचा अभ्यास वाढेल. तिसऱ्याने तो माणूस म्हणून कुठे उभा आहे ते कळेल. मंडळात नाव घालणं म्हणजे तिथल्या बोलण्याची थोडी जबाबदारी अंगावर घेणं. ऐकून गप्प बसणाराही त्या बोलण्यात वाटेकरी असतो.

आणि मंडळी, हे फक्त त्या मुलापुरतं नाही. कुठे खरं युद्ध सुरू झालं की टीव्हीवर नकाशा येतो, बाण येतात, लाल-निळे ठिपके येतात. मग "एवढे उडवले" असे निरोप घराघरांतल्या गटांत फिरतात, खाली टाळ्यांची चित्रं पडतात. हाही वॉरगेमच झाला, नाही का? फरक एवढाच की त्या मुलाच्या खेळाला नियम आहेत, समोर माणूस आहे आणि सोंगट्या पुठ्ठ्याच्या आहेत. या दुसऱ्या खेळाला नियम नाही, समोर कुणी नाही, आणि सोंगट्या जिवंत आहेत.

म्हणून मुलाला विचारायचे तेच तीन प्रश्न पुढचा असा निरोप पाठवण्याआधी प्रत्येकाने स्वतःला विचारावेत. ही माणसं कोण? इथे कोण दाखवलेलं नाही? आणि मी काय करतोय?

उत्तर आलं की मगच बोट लावा.