भरताचं हरीण आणि आमची ओवी



आजचं वाचन: भागवत, पाचवा स्कंध, आठवा अध्याय. राजा भरत राज्य सोडून गंडकीकाठी पुलहाश्रमात राहतोय. सिंहाच्या गर्जनेने घाबरलेली गाभण हरिणी नदीवरून उडी मारते, पाडस पाण्यात पडतं, ती मरते. भरत पाडसाला उचलून आणतो. मग हळूहळू नियम सुटतात, पूजा सुटते, मरतानाही डोळ्यांसमोर हरीणच. पुढचा जन्म हरणाचा.

गेल्या महिन्यात हीच कथा मला व्हॉट्सॲपवर तिघांनी पाठवली. कारण आमची ओवी गेली. नऊ महिन्यांची मांजर. आजार एफआयपी.

मांजरांच्या आतड्यात एक साधा कोरोनाव्हायरस असतो, बहुतेकींना त्याने फार तर जुलाब होतात. थोड्या मांजरांत तो आतल्या आत बदलतो आणि जीवघेणा होतो, त्यातही दोन वर्षांखालच्यांत जास्त. ओवीचं पोट फुगलं, पिवळं चिकट पाणी निघालं. काही वर्षांपूर्वीपर्यंत यावर इलाजच नव्हता. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात नील्स पेडरसन आणि सहकाऱ्यांनी ३१ मांजरांना जीएस-४४१५२४ दिल्याचं प्रसिद्ध केलं, बहुतेक वाचली. कोविडमधल्या रेमडेसिव्हिरचं हे सख्खं भावंड. कोर्स ८४ दिवसांचा, रोज ठरल्या वेळी. ओवी एकोणिसाव्या दिवशी गेली. छातीत पाणी झालं होतं.

तर, हा मोह का?

अध्याय नीट वाचा. पाडस उचललं म्हणून भागवत भरताला दोष देत नाही, ती दयाच आहे. घसरण नंतरची: त्याला लांडगा खाईल का, आत्ता कुठे असेल, ही काळजी जपाच्या मधे येते. आणि फॉरवर्ड करणारे एक गोष्ट हमखास गाळतात. हरणाच्या जन्मातही भरताला मागचं सगळं आठवतं. केलेली साधना बुडत नाही.

म्हणून रडण्याचं मला काही वाटत नाही. टोचतंय ते वेगळंच. मी देवनारला राहतो. इथे १९७१ पासून महापालिकेचा कत्तलखाना आहे. बकरी ईदच्या आधी लाखाहून जास्त बकरे इथे येतात, पण एरवीही ट्रक येतातच, आणि ते मटण मुंबईभर सगळ्या जातीधर्मांच्या घरी शिजतं. आमच्याही. मी माळ घातलेली नाही, रविवारी मटण असतं.

गीतेच्या पाचव्या अध्यायातला अठरावा श्लोक म्हणतो, ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा, सगळ्यांत समान पाहतो तो पंडित. मांजर त्यात नाही, बकराही नाही, पण श्लोक म्हणजे काही ड्रॉपडाउन लिस्ट नव्हे.

मित्र म्हणाला, "मांजरासाठी रडतोस आणि बकरा खातोस, ढोंग आहे हे." मला तसं वाटत नाही. 'प्राणिमात्र' नावाच्या कुणावर कुणी कधी प्रेम केलेलं नाही, सुरुवात एकापासूनच होते. भरताची पण झाली. पण तो तिथेच थांबला असं मला वाटतं. रानात इतरही हरणं असतीलच, त्याचा जीव मात्र एकातच अडकला.

सलाईन लावताना ओवी माझ्याकडे टक लावून बघायची. सिग्नलला उभ्या ट्रकच्या फळ्यांमधून बकरे तसेच बघतात. आधीही बघत असतील. या रविवारी आई पिशवी घेऊन निघाली तेव्हा म्हटलं, माझ्यापुरतं आणू नकोस. पुढच्या रविवारचं अजून ठरलेलं नाही.