अडेल तट्टू कोण?

शास्त्रपाठ : गणना २२ : २१–३५, याकोब ३ : २–१०



बारामती व इंदापूर हे तालुके म्हणजे घोड्यांचा जुना मुलूख होय. भीमा व नीरा यांच्या कांठचीं भीमथडी तट्टें मराठ्यांच्या फौजांबरोबर उत्तर हिंदुस्थानापर्यंत गेलीं. सतराव्या शतकाच्या आरंभीं मालोजीराजे भोसले इंदापूरच्या रणांत पडले, तेही घोडेस्वारांचेच सरदार होते. आज त्या लढाया राहिल्या नाहींत, पण तट्टें राहिलीं आहेत. धनगर बांधव मेंढरें घेऊन चराईस बाहेर पडतात तेव्हां त्यांचें पाल, भांडीं, नुकतीं जन्मलेलीं कोंकरें, असा सारा संसार याच तट्टांच्या पाठीवर असतो. सरकारी पशुसंशोधन संस्थेनें भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंदही केली आहे.

आमच्या सेवेचीं खेडीं नीरेच्या डाव्या कालव्याच्या आसपास आहेत. तेथील काळी माती पावसांत अशी धरते कीं फटफटीचीं चाकें जागीं बसतात. म्हणून वयाच्या ४२ व्या वर्षीं आम्हीं एका धनगर बाबांपासून एक घोडी घेतली, व त्यांच्याच हाताखालीं बसावयास शिकलों. सेमिनरींत आम्ही ग्रीक भाषा शिकलों होतों. रिकिबींत पाय कसा ठेवावा हें मात्र ठाऊक नव्हतें. त्या शिकण्यांत जे तीन धडे मिळाले ते आज आपणांपुढें ठेवितों.

पहिला धडा हाताचा. नवख्या स्वाराचा तोल गेला कीं तो लगाम ओढून धरितो, जणूं ती दोरी त्यानें लोंबकळावें म्हणूनच बांधली आहे. घोड्याच्या पुढच्या व मागच्या दांतांमध्यें एक रिकामी जागा असते. तेथें नुसती हिरडी असते, आणि लगामाची कडी तेथेंच बसते. आपला तोल सावरण्यासाठीं दिलेला प्रत्येक झटका त्या नाजूक हिरडीवर जातो. आमची घोडी मान वर टाकी, मागें सरे, जागच्या जागीं फिरे, आणि आम्ही म्हणत असूं, “ही मोठी अडेल आहे.” शेवटीं बाबा म्हणाले, “सायेब, तोल आपल्या मांडीत ठिवा. जनावराच्या तोंडात ठिवू नगा.” पुढें पंधरा दिवस त्यांनीं लगाम आमच्या हातीं दिलाच नाहीं. ते घोडीस लांब दोरीवर गोल फिरवीत, आणि आम्ही हात मांडीवर ठेवून, नजर समोर ठेवून बसत असूं. पडलोंही बरेच वेळां.

बंधूंनो, ज्याचा स्वतःचा तोल देवावर नाहीं तो दुसऱ्याच्या तोंडांतील लगामावर तोल धरितो. घरांत चिंता आहे, मान मिळत नाहीं, वरिष्ठ रागावले आहेत. आणि झटका कोणास बसतो? पत्नीस, लेकरांस, मंडळींतील गरीब सभासदास.

दुसरा धडा सोडण्याचा. लगाम ओढण्यानें घोडी शिकत नसते. तिनें ऐकतांच लगाम सैल होतो, त्यावरून ती शिकते. तिनें ऐकल्यावरही जो स्वार ओढतच राहतो, तो तिला एवढेंच शिकवितो कीं ऐकून उपयोग नाहीं. जे बाप मुलानें चूक कबूल केल्यावरही आठ दिवस तीच चूक उगाळतात, त्यांनीं याचा विचार करावा.

तिसरा धडा सांगावयास आम्हांस लाज वाटते, म्हणूनच तो सांगितला पाहिजे.

श्रावणांत एके दिवशीं घोडी कालव्याच्या मोरीपाशीं थांबली. आम्हीं टाच मारली, ती हलेना. काठीनें मारलें, ती आडवी फिरली. असें तीन वेळां झालें. बलामानेंही आपल्या गाढवीस तीन वेळां मारिलें होतें. त्या गोष्टीवर आम्हीं दोनदां उपदेश केलेला, तरी त्या क्षणीं ती आठवली नाहीं. अखेर उतरून तिला चालवीत बाबांकडे आणिलें. त्यांनीं तंग सोडला, खोगीर उचललें, आणि खालच्या कापडांत रुतलेलें एक गोखरू काढून आमच्या तळहातावर ठेविलें. घोडीची पाठ सोलली होती. बाबांनीं विचारिलें, “खोगीर कुणी घातलं व्हतं?”

आम्हींच घातलें होतें.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं, आणि ती केवळ घोडीमुळें नव्हे. मंडळींतील एक शेतमजूर बंधु वर्षभर उपासनेस येत नव्हते. निरोप पाठविले, समज दिली, ते हलेनात. तेव्हां भर उपासनेंत आम्हीं त्यांस अडेल तट्टू म्हटलें होतें, आणि तो शब्द त्याच संध्याकाळीं त्यांच्या घरीं पोहोंचला होता. दुसऱ्या दिवशीं आम्ही पायींच त्यांच्याकडे गेलों. उपासनेची गोष्ट काढली नाहीं, नुसते बसलों. त्यांच्या पत्नीनें कोरा चहा दिला. बऱ्याच वेळानें त्याच बोलल्या, “कापणीच्या सणाला वर्गणी राहिलेल्यांची नावं तुम्ही वाचलीत, सायेब. यांचं नाव पयलं व्हतं. त्या साली पोराच्या दुखण्यात समदं गेलं व्हतं.”

बंधु मान खालीं घालून बसले होते. गोखरू आम्हींच घातलें होतें, वर खोगीर आवळलें होतें, आणि चालत नाहीं म्हणून काठीही आम्हींच मारिली होती. आम्हीं त्यांची क्षमा मागितली, आणि पुढील रविवारीं ज्या ठिकाणीं तीं नांवें वाचलीं त्याच ठिकाणीं उभे राहून पुन्हा मागितली. हल्लीं ते बंधु येतात व दाराजवळ बसतात. त्यांचा मुलगा अद्याप आलेला नाहीं.

बलामाची गाढवी अडली, कारण जें तिला दिसलें तें तिच्या धन्यास दिसलें नव्हतें. वाटेंत परमेश्वराचा दूत उभा होता, आणि तिच्या अडण्यानेंच धन्याचा जीव वांचला. मंडळींत कोणी अडून बसला तर काठी उचलण्यापूर्वीं उतरावें, खोगीर काढावें, पाठीवरून हात फिरवावा. कोणी कोणी खरोखरच हट्टी असतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. आणि लगाम काढून टाकावा असेंही आमचें म्हणणें नाहीं. परंतु याकोब आपल्या पत्रांत घोड्याच्या लगामाची गोष्ट कशासाठीं काढितो तें पाहा. ती दुसऱ्याच्या तोंडासाठीं नव्हे, तर आपल्याच जिभेसाठीं आहे. आम्ही वर्षानुवर्षें लगाम हातीं घेऊन घोडें शोधीत होतों. आणि तो आमच्याच तोंडांत हवा होता.

आमचा प्रभु यरुशलेमांत शिरला तो ज्यावर कोणी कधीं बसलें नव्हतें अशा शिंगरावर, असें मार्क सांगतो. हें वाक्य आम्हीं पुष्कळदां वाचलें होतें. घोडीवर बसूं लागल्यावर तें समजलें. न शिकविलेलें जनावर, भोंवतीं गर्दी, घोष, वाटेवर पसरलेले कपडे व डाहळ्या. तरी तें शांतपणें चाललें. तो हात किती हलका असेल! तोच हात आपल्याही लगामावर आहे. उपदेशक बंधूंनो, आयाबापांनो, येत्या रविवारपूर्वीं ज्याला आपण अडेल म्हटलें असेल अशा एकाच्या घरीं जा. बोलण्यासाठीं नव्हे, बसण्यासाठीं.

प्रभु आपणां सर्वांस तसा हलका हात देवो. आमेन.