गाभारा आणि त्याचा धनी

सभामंडपांत कोणीहि बसावें. परंतु गाभाऱ्याच्या उंबरठ्याशीं मनुष्याचें पाऊल आपोआप अडखळतें. हा भेद ग्रीक भाषेसहि ठाऊक आहे. देवालयाच्या सर्व आवारास ती सामान्यतः 'हिएरॉन' म्हणते, आणि देवाच्या प्रत्यक्ष निवासाच्या भागास 'नाओस'. इ. स. ५५ च्या सुमारास संत पौलानें इफिसाहून करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीस पत्र लिहिलें. विश्वासणारे हेच देवाचें मंदिर होत, असें सांगतांना त्यानें शब्द योजिला तो 'नाओस'.

या विधानाचें धाडस कळण्यास दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या लागतात. यरुशलेमांतील मंदिर तेव्हां उभें होतें. तें रोमी सैन्यानें जाळलें इ. स. ७० मध्यें. त्याच्या परमपवित्र स्थानांत केवळ प्रमुख याजकानें, आणि तेंहि वर्षांतून एकाच दिवशीं, प्रवेश करावा असा नियम होता. दुसरें असें कीं, करिंथची मंडळी म्हणजे कांहीं साधूंचा मेळावा नव्हे. तींत तट पडले होते. भाऊ भावास न्यायसभेंत खेचीत होता. प्रभुभोजनाच्या वेळीं कांहीं जण आधींच जेवून घेत व गरीब उपाशी राहात. हें सारें त्याच पत्रांत आहे. तरीहि 'सुधाराल तेव्हां मंदिर व्हाल' असें पौल म्हणत नाहीं. आधीं निवास, मग शुद्धि, असा त्याचा क्रम आहे. घर झाडून झाल्यावर येतो तो पाहुणा. आधीं येऊन स्वतः केरसुणी हातीं घेतो तो घरधनी.

येथें एक शंका उद्भवते. माझ्या ठायीं देव राहतो, तर माझ्या मनांत येईल तें देवाचेंच, असें कोणीं मानिलें तर? अहंकारास याहून सोयीचें आसन कोठें मिळणार? परंतु तुम्ही स्वतःचे नाहीं, हें पौल लागलीच बजावतो. गाभाऱ्यास मान मिळतो तो दगडांमुळें नव्हे, आंत वसणाऱ्यामुळें. शिवाय आपण आदरानें एकासहि 'तुम्ही' म्हणतों. मूळ ग्रीकांत मात्र तें खरें अनेकवचन आहे. पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत सगळी मंडळी मिळून एक मंदिर आहे. सहाव्यांत विश्वासणाऱ्याचें शरीर मंदिर आहे. या मंडळींत दासहि होते. रोमी कायद्यानें दासाचें शरीर ही धन्याची मालमत्ता. पौलाच्या शिकवणीनें तेंच शरीर पवित्र आत्म्याचा गाभारा!

म्हणून या तत्त्वाची कसोटी एकांतांतल्या प्रार्थनेंत लागत नाहीं. ती दुसऱ्याशीं वागतांना लागते. आपल्या अंतरांत देव आहे, हें मानणें गोड आहे. ज्याच्याशीं आपलें वांकडें आहे, त्याच्याहि अंतरांत तोच आहे, हें मानणें कठीण. आणि जे विश्वासणारे नाहींत, त्यांस तुच्छ लेखण्याची तरी मोकळीक कोठें आहे? मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे, असें बायबलाचा पहिलाच अध्याय सांगतो.

उपासनामंदिरांत आपण हलक्या पावलांनीं शिरतों, हळू बोलतों. घरीं परतल्यावर भांडीं घासणाऱ्या बाईवर, किंवा अंथरुणास खिळलेल्या वृद्ध आईवर, तोच आवाज चढतो. तेव्हां आपण नक्की कोणत्या मंदिरांतून बाहेर पडलों आणि कोणत्या मंदिरांत उभे आहों, हें प्रत्येकानें आपल्या मनाशीं विचारावें.