गाव कोणी आखावे?

गाव म्हणजे नेमके काय? घरांची रांग, विहीर, शाळा आणि रस्ता एवढ्याने गाव होते काय? आपल्या खानदेशात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही.

नर्मदाकाठची, पूर्वीच्या धुळे व १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यातील ३३ गावे सरदार सरोवरामुळे बाधित ठरली. १९७९ साली नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाने नव्या वसाहतींचे माप ठरवून दिले : प्रत्येक कुटुंबाला ६० बाय ९० फुटांची घरजागा, ५० कुटुंबांमागे एक विहीर व एक पार, १०० कुटुंबांमागे तीन खोल्यांची शाळा. पुढे तळोदा तालुक्यात वनजमीन मोकळी करून वसाहती उभारण्यात आल्या.

हे माप कोणी तुच्छ लेखू नये. विहीर कागदावर नसती, तर हक्काने मागताही आली नसती. परंतु सातपुड्यातील भिल्ल-पावरांची घरे रांगेत नसतात. ती आपापल्या शेतात, टेकडीच्या उतारावर विखुरलेली असतात. अशा घरांचा पाडा होतो आणि पाड्यांचे गाव. घराघरांतील ते अंतर हीदेखील त्यांची वास्तुरचनाच होय.

काही कुटुंबे डोंगरातच राहिली. जलाशय फुगला तसे काही पाडे पाण्याने वेढले गेले. होडीवाचून वाट उरली नाही. एकीकडे आखलेले गाव, दुसरीकडे कोणीही न आखलेले बेट!

अहाब राजाने नाबोथाला त्याच्या द्राक्षमळ्याऐवजी अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली होती. व्यवहार म्हणून त्यात खोट नव्हती. पण नाबोथाला तो वाडवडिलांचा वारसा होता. त्याचा नकार राजवाड्याला सोसला नाही, तेथे पापाचा आरंभ झाला. आदिवासींना भूमी ही विकाऊ वस्तू नसून परमेश्वराचे व पूर्वजांचे देणे वाटते, म्हणून मोठ्या प्रकल्पांत त्यांच्याशीच प्रथम संवाद व्हावा, असे पोप फ्रान्सिस ह्यांनी 'लौदातो सी' ह्या २०१५ च्या परिपत्रात सांगितले आहे.

बहुतांच्या हितासाठी थोड्यांनी सोसावे, असे कोणी म्हणेल. धरणाने तहानलेल्यांना पाणी दिले, हेही खरेच. परंतु स्वेच्छेने सोसले तर तो त्याग. लादलेल्या दुःखाला त्याग म्हणण्याचा अधिकार लाभ घेणाऱ्यांना नाही. ह्या धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे. म्हणजे लाभ घेणाऱ्यांत आपणही आलो.

न्याय फुटांनी मोजावा, अवश्य मोजावा. मात्र मोजपट्टीचे एक टोक त्या गावात राहणाऱ्याच्या हाती असावे. ते त्याच्या हाती आहे की नाही, हे विचारीत राहणे आपल्या श्रद्धेचेच कर्तव्य आहे.