आधी मजुरी, मग अन्नदान

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दत्तजयंती जवळ आली की आपल्याकडं दोन कामं एकदम येतात. रानात तूर कापणीला येते आणि गावात अन्नदानाची यादी फिरू लागते. कुणी तांदळाचं पोतं लिहितं, कुणी तेलाचा डबा, कुणी गूळ. औरादपासून आळंदपर्यंत, भालकी-बसवकल्याणच्या खेड्यापाड्यांत हेच चालतं. याच दिवसांत सत्संगात एका गुरुबंधूंनी सरळ प्रश्न टाकला : "एखाद्याकडं तूर कापणाऱ्या बायांची मजुरी बाकी आहे, आन् त्यानं अन्नदानाला पाच हजार लिहिले, तर ते पुण्य कुणाच्या नावावर जाईल?"

आधी सगळे हसले, मग गप्प झाले. आम्हाला वाटतं हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्यातले काही मजुरी देणारे आहेत, काही घेणारे आहेत, आणि पुष्कळजण सकाळी एक तर संध्याकाळी दुसरे असतात. म्हणून या वेळच्या अंकात यावरच थोडा विचार करू.

*थकलेल्या मजुरीचा हिशेब*

समजा, तीनशे रुपये रोजानं एका बाईनं तीन दिवस तूर कापली. नऊशे रुपये झाले. मालक म्हणाला, "सोमवारी ये की, मी काय कुठं पळून जायलोय का?" सोमवारी गेली तर मालक बाजाराला गेलेला. बुधवारी गेली तर सुट्टे नाहीत. दोन खेट्यांत अर्धा-अर्धा दिवस मोडला, म्हणजे एक खाडा पडला. तीनशे तिथंच गेले. तोवर घरातलं तेल-मीठ संपलं म्हणून दुकानातून उधार आणलं. उधार नेणाऱ्याला भाव करता येत नाही, दुकानदार सांगेल तो दर. पोराच्या औषधाला कुणाकडून तरी व्याजानं घेतले. शेवटी मालकानं नऊशेच्या नऊशे मोजून दिले तरी तिच्या पदरात नऊशे पडत नाहीत. मालकाच्या वहीत मात्र हिशेब चुकता दिसतो.

आता हेच दुसऱ्या बाजूनं बघा. ते नऊशे रुपये दहा दिवस मालकाच्या खिशात राहिले. म्हणजे रानात राबणाऱ्या बाईनं रानाच्या मालकाला दहा दिवस बिनव्याजी उसने दिले, आणि तेही तिला न विचारता. ज्याच्याकडं कमी त्यानं जास्तवाल्याला कर्ज द्यायचं, असा हा उलटा व्यवहार आहे. तो इतका रोजचा झालाय की कुणाला खटकतसुद्धा नाही.

*लक्कम्मांचा प्रश्न*

"काम हीच पूजा" हे वाक्य आपण फार ऐकतो. पण ते कोण कुणाला सांगतं, हे पाहिलंय का? बहुतेक वेळा सांगणारा सावलीत असतो आणि ऐकणारा उन्हात.

हा विचार ज्या मातीतला आहे ती माती आपल्या पायाखालचीच आहे. बाराव्या शतकात कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बिज्जळ राजाच्या खजिन्याचा कारभार पाहणाऱ्या बसवण्णांभोवती जे शरण जमले, त्यांची ओळख आजही त्यांच्या कामावरूनच सांगतात. मडिवाळ माचय्या कपडे धुणारे, अंबिगर चौडय्या नाव चालवणारे, मेदार केतय्या टोपल्या विणणारे, नुलिय चंदय्या दोर वळणारे. अंगमेहनतीचं, सचोटीचं काम म्हणजे 'कायक', आणि त्या कमाईतून समाजाला देणं म्हणजे 'दासोह', अशी जोडी त्यांनी लावली.

त्यातलेच एक आयदक्की मारय्या. सांडलेले तांदळाचे दाणे वेचायचे, हे त्यांचं कायक. एके दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन घरी आले. पत्नी लक्कम्मांनी बघितलं आणि विचारलं, ही हाव कुठून आली? जास्तीचे आहेत ते जिथले तिथं ठेवून या. मारय्या परत गेले आणि ठेवून आले.

ही कथा बहुधा गरिबाला सांगतात : बघ, थोडक्यात समाधान मान. पण नीट पाहिलं तर लक्कम्मा दुसऱ्याच्या ताटाबद्दल काही बोलल्या नाहीत. आपल्याच घरात जे जास्तीचं आलं त्याबद्दल बोलल्या. आज त्यांचा प्रश्न विचारायचा तर ज्याच्या घरात जास्तीचं थांबलंय त्याला विचारावा लागेल. मजुराचे नऊशे रुपये आपल्या कपाटात असतील तर ते जास्तीचे तांदूळच आहेत.

कायक आणि दासोह यांचा क्रमही बघण्यासारखा आहे. आधी न्यायाची कमाई, मग त्यातून देणं. दुसऱ्याची मजुरी आपल्या खिशात असताना केलेलं दान म्हणजे दुसऱ्याचं दान आपल्या नावानं लिहिणं. आमच्या समजुतीप्रमाणं त्या गुरुबंधूंच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. पुण्य त्या बाईचंच. फक्त तिला विचारलेलं नाही, आणि पंगतीला बोलावलं तरी तिच्याच पैशाचं जेवण तिला उपकार म्हणून वाढलं जाणार.

कलबुर्गीत ख्वाजा बंदेनवाजांच्या दर्ग्याला जाणारे आपले शेजारीही हेच सांगतील. मजुराचा घाम वाळायच्या आत मजुरी द्यावी, अशी पैगंबरांची शिकवण त्यांच्याकडं मानतात. वाट कुठलीही असो, हा टप्पा चुकवून कुणालाच पुढं जाता येत नाही.

*"आमच्याच हातात नाही तर कुठून देऊ?"*

हेही खरं आहे, आणि ते टाळून चालणार नाही. कलबुर्गीला तुरीचं कोठार म्हणतात. तिथल्या तुरीला 2019 मध्ये जीआय मानांकनही मिळालं. पण मानांकनानं अडतीवरचा भाव ठरत नाही. नवी तूर सगळ्यांची एकदम बाजारात आली की भाव उतरतो. अडत्या पट्टी हातात देतो आणि पैसे आठ दिवसांनी या म्हणतो. उसाचं बिल कधी निघेल ते सांगता येत नाही. ज्याचं स्वतःचंच अडकलंय त्याला दोष देणं सोपं, पण न्यायाचं नाही.

म्हणून आम्ही एवढंच सुचवतो : पैसे कमी पडतात तेव्हा आपण कुणाला थांबवतो, ते पाहावं. बँकेचा हप्ता थांबत नाही, कारण नोटीस येते. घरचं लाइट बिल थांबत नाही, कारण कनेक्शन तोडतात. खत-बियाणाच्या दुकानदाराला थांबवत नाहीत, कारण पुढच्या पेरणीला तो माल देणार नाही. ट्रॅक्टरवाला तर दारात येऊन बसतो. मग उरतो मजूर. त्याची रक्कम मोठी असते म्हणून ती मागं पडते का? नाही. या सगळ्यांत लहान रक्कम बहुधा त्याचीच असते. तो आपलं काही बिघडवू शकत नाही, म्हणून मागं पडते.

ज्याची भीती वाटते त्याला सगळेच वेळेवर देतात. त्यात धर्म काही नाही, तो व्यवहार झाला. ज्याची भीती नाही त्याला वेळेवर दिलं तर तिथून धर्म सुरू होतो.

आणि खरोखरच हातात नसेल तर त्यालाही मार्ग आहे. कामाला बोलावतानाच सांगावं : "तूर विकली की अमक्या तारखेला देईन, चालतंय का?" ती हो म्हणाली तर ते राजीखुशीचं उसनं झालं. नाही म्हणाली तर तिला दुसऱ्या रानात जायची मोकळीक राहिली. निम्मे आज, निम्मे नंतर असंही ठरवता येतं. पण काम उरकल्यावर "आता नाहीत" म्हणणं वेगळं. तिथं तिच्यापुढं निवडच उरत नाही.

*वेठ गेली, पण किती गेली?*

बीदर आणि कलबुर्गी 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या काळातल्या वेठीच्या आठवणी जुन्या माणसांच्या बोलण्यातून आपल्यापर्यंत आल्यात. बोलावणं आलं की जायचं, राबायचं, आणि हात हलवत परत यायचं. पुढं संविधानाच्या 23 व्या कलमानं वेठबिगारीला बंदी घातली. 1982 साली दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणं हीसुद्धा वेठच, कारण माणूस पोटाच्या सक्तीनं कबूल होतो, असा त्या निकालाचा भाव होता.

मजुरी किती दिवसांत द्यावी याचा कायदा तर इंग्रजांच्या काळातच, 1936 साली झाला. रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्यानं पंधरा दिवसांची मुदत घातली. कायदे आहेत. पण रानाच्या बांधावर तपासायला कोण येतो? तिथं मालक आणि त्याचं मन, दोघंच असतात. म्हणून हा प्रश्न कचेरीत सुटत नाही. सत्संगात मात्र तो काढता येतो.

*सेवा कुणाला म्हणायची*

एक गोष्ट आपल्या उत्सवाबद्दलही बोलायला हवी. मांडव घालणारे, भट्टीवर उभे राहणारे आचारी, भांडी घासणाऱ्या बाया, दुसऱ्या दिवशी पत्रावळ्या उचलणारे. यांना पैसे देताना काही ठिकाणी "देवाचं काम आहे, सेवा समजा" असं म्हणून रक्कम कमी करतात. आम्हाला हे पटत नाही. सेवा ज्याची त्यानं ठरवायची असते. आपण आपल्या अंगमेहनतीची सेवा करावी, दुसऱ्याच्या अंगमेहनतीची नाही. पोटासाठी आलेल्या माणसाला सेवा म्हणायला लावलं तर ती देवाच्या नावानं घेतलेली वेठ होते.

मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले, ते साल 1338 सांगतात. नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी विठ्ठलनामावरून ओळखल्या, ही कथा आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो. सांगताना एवढंही ध्यानात ठेवावं, की त्या दिवशी ते भिंतीच्या कामावर होते. उद्या आपल्या बांधावर, आपल्या मांडवात कोण उभा आहे, ते आपल्याला काय ठाऊक?

गाणगापूरच्या पर्वतेश्वर शेतकऱ्याची गुरुचरित्रातली कथा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. श्रीगुरू संगमाकडं निघाले की तो शेतातून धावत येई, नमस्कार करी आणि परत कामाला लागे. त्याचं पीक कसं वाढलं तेवढं आपल्या लक्षात राहतं. पण सद्गुरू त्याला भेटले ते रानाच्या कडेला, घामेजलेला असताना. मारय्या तर याच्याही पुढं गेले. कायकात असताना गुरुदर्शनाचाही विसर पडावा, असं त्यांनी म्हटलं. आपल्यासारख्या गुरुभक्तांना हे ऐकायला जरा जड जातं. पण गुरूच्या दारात येण्याआधी हातातलं काम आणि डोक्यावरचं देणं पुरं व्हावं, यात गुरूचा मान कमी होत नाही.

*दत्तजयंतीआधी एवढं करू*

एक : यादीत आपलं नाव लिहिण्याआधी घरात बसून कुणाकुणाचं देणं बाकी आहे ते कागदावर लिहावं. सालगडी, बिगारी, गवंडी, धुणं-भांड्याची बाई, सगळे.

दोन : ते देणं त्यांच्या घरी नेऊन द्यावं. त्यांना खेटा घालायला लावू नये.

तीन : बाईला आणि गड्याला सारख्या कामाचा सारखा रोज द्यावा. "बाईमाणूस आहे" हे कारण होत नाही.

चार : त्यातून उरेल ते अन्नदानाला लिहावं. पाच हजाराचे पाचशे झाले तरी चालेल. कुणाचं किती, हे या वर्षी मांडवात वाचून दाखवू नये अशी आम्ही कार्यकर्त्यांना विनंती केली आहे, म्हणजे कुणाला कमी लिहिण्याचा संकोच वाटणार नाही.

ज्यांची मजुरी कुणाकडं अडकली आहे अशा गुरुबंधू-भगिनींनीही संकोच करू नये. हक्काचे पैसे मागण्यात लाचारी नाही. एकट्यानं मागणं जड जात असेल तर सत्संगातल्या जाणत्या माणसाला बरोबर न्यावं. चारजण शांतपणे दारात उभे राहिले तर पुष्कळ वेळा "सोमवारी ये" ऐवजी "थांबा, आणतो" ऐकू येतं.

आपल्या पंगतीला एखादं पक्वान्न कमी पडलं तर दत्त महाराज रागावणार नाहीत. पण त्या दिवशी गावातल्या एकाही मजुराची मजुरी थकलेली नसली, तर तेवढा नैवेद्य पुरे.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥